पुराच्या वेळी घर सोडावे लागले तर तयारी कशी ठेवावी?

प्रश्न (नाशिकच्या पंचवटीतील गृहिणी)
आमचे घर गोदाघाटाजवळ, जुन्या वाड्यात तळमजल्यावर आहे. सासूबाई इन्सुलिन घेतात आणि आधाराशिवाय चालू शकत नाहीत. दोन मुले शाळेत जातात. यजमान सातपूरला पाळीत कामाला असल्याने पूर येईल तेव्हा ते घरी असतीलच असे नाही. सोबत काय घ्यावे, आणि मुख्य म्हणजे कधी निघावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (भांडीबाजारातील दुकानदार)
ताई, सामानाचा विचार नंतर करा. आधी निघण्याची खूण ठरवा. नाशिककर गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतात, पण मूर्तीच्या छातीला पाणी लागेपर्यंत तळमजल्यावरच्या माणसांनी थांबू नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली आणि पाणी मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत पोहोचले की, उजेड असतानाच, सासूबाईंना उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावे, असे माझे मत आहे. मात्र केवळ विसर्गाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण शहरात मुसळधार पाऊस झाला तर सरस्वती नाल्याचे पाणी सराफ बाजारात शिरते, मग धरणाचे दरवाजे बंद का असेनात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

उत्तर (निवृत्त परिचारिका)
वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत थंड, सावलीच्या जागी सुमारे चार आठवडे टिकते. आपल्या औषधाच्या वेष्टनावरील सूचना मात्र वाचाव्यात. ते बर्फाला थेट टेकवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. सुया, ग्लुकोमीटर, साखर आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कोठे आहे हे मुलांनाही दाखवून ठेवा.

उत्तर (वायरमन)
घरात पाणी येण्यापूर्वीच मेन स्विच बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटर काढावा. इन्व्हर्टर असेल तर तो स्वतंत्रपणे बंद करावा, कारण मेन बंद असला तरी बॅटरीवरून वायरिंगमध्ये वीज येत राहते. जमिनीवर पाणी साचले असेल तर कोणत्याही स्विचला हात लावू नये, आणि परतल्यावर तपासणी झाल्याशिवाय वीजपुरवठा सुरू करू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी आजच भरते. मात्र वाड्यात मागच्या खोलीत एक आजी एकट्या राहतात आणि त्यांना कमी ऐकू येते. त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर (भांडीबाजारातील दुकानदार)
वरच्या मजल्यावरील एखाद्या तरुणावर ही जबाबदारी त्याचे नाव घेऊन सोपवा, कारण ‘कोणीतरी बघेल’ असे म्हटले की कोणीच बघत नाही. त्याच्याकडे खोलीची दुसरी किल्ली द्या आणि आजींच्या औषधांची नोंद ठेवा. मदत लागली तर ११२ वर फोन करताना वाड्याचे नाव, जवळचे देऊळ आणि आत अडकलेल्यांची संख्या आधी सांगावी.