सीडी४४ बंद केला की कॅन्सर थांबतो, हे कोणी सांगितलं?

पेट्रीडिश: काल ‘रोखठोक’ यांनी लिहिलं, "मायक्रोआरएनए-३४ए दिला की पेशीच्या अंगावरचा सीडी४४ गप्प होतो, कॅन्सरचं पसरणं थांबतं. कंपन्यांनीच हे दाबून ठेवलंय." राहवलं नाही म्हणून लिहितोय. सीडी४४ म्हणजे पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन; मायक्रोआरएनए म्हणजे जीनचे संदेश दाबणारा आरएनएचा छोटा तुकडा.

२०११ मध्ये उंदरांतल्या प्रोस्टेटच्या गाठींत असं झालं, मान्य. पण २००८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत ३७३ आणि ५२०सी या मायक्रोआरएनएंनी हाच सीडी४४ दाबला, तर त्या पेशी जास्तच पसरल्या. आणि दाबून कसलं ठेवलंय? ३४ए चरबीच्या कणांत भरून माणसांना दिला होता. प्रतिकारशक्ती खवळली, चौघे गेले, २०१६ मध्ये चाचणी बंद झाली.

रोखठोक: चौघे गेले ते सांगता, तिघांच्या गाठी आक्रसल्या ते कोण सांगणार? आणि स्तन आणि प्रोस्टेट एकाच तागडीत का तोलता?

पेट्रीडिश: अहो, तोलले तुम्ही! सरसकट ‘कॅन्सर थांबतो’ कोणी लिहिलं? जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा शेकडो जीनांच्या संदेशांना चिकटतो. १०बी हा मायक्रोआरएनए सिंडेकन-१ हे पेशीवरचं प्रथिन कमी करतो. २१ हा रेक या आवर घालणाऱ्या प्रथिनाला दाबतो, मग मॅट्रिक्स, म्हणजे पेशींभोवतीची जाळी, कातरणारी एन्झाइमं मोकाट सुटतात. कोणत्या पेशीत कोणता संदेश हाती लागेल त्यावर सगळं ठरतं.

वऱ्हाडची लेक: मॅट्रिक्स बोटाला कसं लागतं ते मी सांगते. बाबांनी तीस वर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला. तोंडात जेमतेम दीड बोट जायचं. गालाला आतून बोट लावलं की दोरीसारखे पट्टे लागायचे. ते कोलॅजेन, मॅट्रिक्समधले प्रथिनाचे धागे. भाकर वरणात कुस्करून भरवायचो. २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे, आमच्या पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा आजही मिळतो.

रोखठोक: ताई, वाईट वाटलं. पण धागा आरएनएवर आहे.

वऱ्हाडची लेक: मग मी कशावर बोलतेय? २९ हा मायक्रोआरएनए कोलॅजेनच्याच जीनांना आवर घालतो ना? असंच काहीतरी वाचून माझ्या भावानं एका लॅबला ‘आरएनए टेस्ट’चे अठरा हजार भरले. कागदावर एकच शब्द, ‘वाढलेला’. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि बायोप्सी केली. ते पैसे ऑपरेशनला लागले असते.

बागायतदार: खर्ऱ्यात तंबाखू असते. सुपारीला कशाला ओढता? आमची चार पिढ्यांची बाग आहे श्रीवर्धनला.

वऱ्हाडची लेक: दादा, ते पट्टे सुपारीनेच येतात, तंबाखू लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच सुपारीला पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत, टाकलंय.

बागायतदार: मग आम्ही काय लावायचं तेही त्या संस्थेलाच विचारा!

पेट्रीडिश: तुमचा राग समजतो, पण ताईंचं बरोबर आहे. सुपारीतल्या अरेकोलीनने गालातल्या पेशी कोलॅजेन बनवत सुटतात.

रोखठोक: ‘कंपन्यांनी दाबलं’ हे वाक्य काढतो. ३४ए बद्दलचं नाही काढणार.

पेट्रीडिश: नका काढू. त्याच्या आधी ‘प्रोस्टेटच्या गाठी असलेल्या उंदरांत’ एवढं लिहा. कोणाचा तरी भाऊ ते वाचतोय.