गायरानातील भेगाळ काळी माती: तिला ‘व्हर्टिसॉल’ म्हणावे की केवळ ‘व्हर्टिक’?

माळकरी यांचा प्रश्न

नमस्कार. लातूर जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर आमच्या गावचे सुमारे ४० एकर गायरान आहे. त्यातले ओढ्याकडे उतरत गेलेले १५ एकर कुरण म्हणून राखायचे ग्रामसभेत ठरले असून आराखडा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आराखड्याच्या नमुन्यात ‘मातीचा प्रकार’ असा एक रकाना आहे आणि तिथेच घोडे अडले आहे. गावकरी या जागेला ‘भारी काळी’ म्हणतात, माती परीक्षणाच्या अहवालावर कोणीतरी हाताने ‘चोपण’ असा शेरा मारला आहे (म्हणजे सोडियमने बिघडलेली जमीन) आणि कृषी शाखेत शिकणारा पुतण्या ‘व्हर्टिसॉल’ म्हणतो, म्हणजे फुगणारी, आकसणारी आणि भेगाळणारी चिकण माती.

मे महिन्यात ओढ्यापासून थोड्या अंतरावर खड्डा घेतला. वरची ५ सेंटिमीटर माती हरभऱ्याच्या डाळीएवढ्या टणक कणांची आणि मोकळी होती, त्याखाली ४० सेंटिमीटरपर्यंत कुदळीला दाद न देणारी ढेकळे लागली. ४० ते ७५ सेंटिमीटरच्या दरम्यान ढेकूळ फोडले की तिरक्या, चकचकीत, ओरखडे असलेल्या पाट्या सुटत होत्या. ८५ सेंटिमीटरवर मऊ मुरूम लागला. पृष्ठभागावरच्या भेगा ३ ते ४ सेंटिमीटर रुंद असून त्यांत काठी ७० सेंटिमीटर खोल गेली. भेगा डिसेंबरच्या सुरुवातीला पडतात आणि जूनच्या मध्यावर मिटतात. अहवालातील आकडे असे: चिकणमातीचे कण ५४ टक्के, सामू ८.३, चुना ७ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.८ टक्के, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम ४ टक्के. रकान्यात काय लिहावे, आणि त्या लिहिण्याने गवताच्या नियोजनात खरोखर काही फरक पडतो का?

खड्डेखोर यांचे उत्तर

प्रश्नात रंगापेक्षा खड्ड्याची माहिती अधिक दिली आहे, हे पाहून बरे वाटले. एकट्या काळ्या रंगावरून काहीही ठरत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्याही खाली असतो, तरी ती काळी दिसते, कारण थोडासाच ह्यूमस (कुजलेले सेंद्रिय द्रव्य) स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीशी घट्ट बांधला जाऊन कणाकणावर पसरलेला असतो. बेसाल्ट झिजून तयार झालेले हे स्मेक्टाइट पाणी घेऊन फुगते आणि वाळले की आकसते. भेगा, ढेकळे आणि तुम्ही पाहिलेल्या तिरक्या पाट्या, हे सगळे त्याचेच काम आहे.

अमेरिकी मृदा वर्गीकरणात व्हर्टिसॉल ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत किमान २५ सेंटिमीटर जाडीच्या थरात स्लिकेनसाइड (माती मातीवर घासून झालेले चकचकीत, रेघांचे पृष्ठ) किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे हवीत, आणि त्या पाचरींचा कल आडव्या रेषेशी १० ते ६० अंशांचा असावा. वरच्या १८ सेंटिमीटरमध्ये सरासरी ३० टक्के आणि तिथून ५० सेंटिमीटरपर्यंत प्रत्येक थरात किमान ३० टक्के चिकणमाती हवी. भेगा ठरावीक काळाने उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या असाव्यात. तुमच्या पाट्यांचा थर ३५ सेंटिमीटरचा आहे. त्या खरोखर स्लिकेनसाइडच आहेत का, एवढे मात्र एकदा तपासा. ओल्या चिकणमातीवरून अंगठा दाबून सरकवला की जशी रेघांची चमक उठते तशी ती दिसते. नुसत्या दाबाने गुळगुळीत झालेल्या पृष्ठावर रेघा नसतात.

भेगा साधारण १९५ दिवस उघड्या राहतात, म्हणजे वर्षभरात मिळून ९० दिवसांहून अधिक, त्यामुळे उपगण (व्हर्टिसॉलचा पोटविभाग) अस्टर्ट. ७ टक्के चुन्यावर कॅल्सिअस्टर्ट (चुना साठलेला थर असलेला अस्टर्ट) म्हणता येणार नाही, म्हणून हॅप्लस्टर्ट, म्हणजे साधा अस्टर्ट. त्यापुढचा टप्पा मुरमाने ठरतो. १०० सेंटिमीटरच्या आत मऊ खडक लागला की ‘लेप्टिक हॅप्लस्टर्ट’. भेगा २१० दिवस किंवा त्याहून जास्त उघड्या राहिल्या असत्या, तर नावात ‘ॲरिडिक’ (अधिक कोरडा) हा शब्दही जोडावा लागला असता, तेव्हा दिवसांची मोजणी अंदाजाने करू नका. कुळाचे पूर्ण नाव ‘फाइन, स्मेक्टिटिक, आयसोहायपरथर्मिक’ असे होईल. यातला ‘स्मेक्टिटिक’ म्हणजे स्मेक्टाइटयुक्त, ‘आयसोहायपरथर्मिक’ म्हणजे वर्षभर जवळपास सारखीच उष्ण, आणि ‘फाइन’ म्हणजे ३५ ते ६० टक्के चिकणमाती. ६० टक्के आणि त्यापुढे ‘व्हेरी फाइन’.

आता ‘चोपण’ या शेऱ्याविषयी. सामू ८.३ दिसला की चोपण म्हणून मोकळे होण्याची खोड जुनी आहे. चुनखडीयुक्त मातीचा सामू चुन्यामुळेच ८.३ च्या आसपास स्थिर राहतो, त्याचा सोडियमशी संबंध असेलच असे नाही. चोपण म्हणायला विनिमययोग्य सोडियम साधारण १५ टक्क्यांच्या वर आणि सामू बहुधा ८.५ च्या पुढे जावा लागतो. तुमचा सोडियम ४ टक्के आहे. घरच्या घरी खात्री करायची असेल तर बशीत पावसाचे साठवलेले पाणी घ्या आणि त्यात वाटाण्याएवढा कोरडा खडा हळूच सोडा. खडा फुटून ढीग होणे हे काळ्या मातीत नेहमीचे आहे. मात्र काही तासांनी ढिगाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले, तर सोडियमचा संशय घ्यावा. त्यासाठी विहिरीचे पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे वलय उठतच नाही.

हिरवे रान यांचे उत्तर

वर्गीकरण वर नीट मांडले गेले आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. फरक पडतो, आणि तो प्रामुख्याने जनावरे कधी सोडायची यात पडतो.

पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली उतरते, त्यामुळे माणसाला वाटते की ही जमीन वाटेल तेवढे पाणी पिते. भेगा मिटल्या की चित्र पालटते. फुगलेल्या चिकणमातीत पाणी अतिशय सावकाश मुरते आणि उतारावरून वाहू लागते. याच अवस्थेत जनावरे सोडली तर खूर चार बोटे रुततात, माती लिंपल्यासारखी दाबली जाते आणि गवताची ठोंबे मुळासकट उपटून येतात. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जमिनीतली जादा ओल उतरल्याशिवाय, औत घालत नाही. काळ्या मातीच्या कुरणाला तोच नियम लावावा, पावसाळ्यात गवत कापून गोठ्यात घालावे आणि पाऊस सरून जमीन आवळली की मगच चराई खुली करावी.

गवतांमध्ये मारवेल अशा भारी जमिनीत चांगले उठते. कुसळी आणि डोंगरी या गवतांना वरच्या अंगाची मुरमाड जमीन अधिक मानवते. खालच्या भागात कुसळी फार दिसू लागली, तर चराई जास्त होत असल्याची शंका मी तरी घेईन.

सलग समतल चर (पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे खणलेले चर) इथे घेऊ नका, असा माझा आग्रह राहील. मुरमाड उतारावर ते उपयोगी ठरतात, पण भेगाळ मातीत चराची भिंत उन्हाळ्यात चिरते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या चिरेतून वाट काढून बांध पोखरते. वृक्षलागवडीचेही तसेच आहे. भेगा रुंदावताना कोवळ्या रोपांची मुळे तुटतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधली मिचेल गवताची विस्तीर्ण मैदाने अशाच भेगाळ चिकणमातीवर आहेत आणि बव्हंशी झाडांवाचून आहेत. आपल्याकडे बाभूळ आणि हिवर तग धरतात. बाकीच्या रोपांसाठी खड्डे खणणे म्हणजे दरवर्षी तेच खड्डे पुन्हा भरणे.

माळकरी

दोघांचेही आभार. बशीतला प्रयोग केला, वलय आले नाही. पाट्यांवर रेघाही आहेत, भिंगातून स्पष्ट दिसल्या. पण काल १५ एकरांच्या वरच्या कडेला दुसरा खड्डा घेतला आणि गोंधळ वाढला. तिथे मुरूम ५८ सेंटिमीटरवरच लागला. भेगा अर्ध्या ते एक सेंटिमीटर रुंद असून ३५ सेंटिमीटर खोल जातात. रेघांच्या पाट्या ४० ते ५७ सेंटिमीटरच्या दरम्यानच सापडल्या. रंग मात्र दोन्हीकडे तोच. आता एकच नाव कसे लिहावे?

खड्डेखोर

एकच नाव लिहू नका. दुसऱ्या खड्ड्यात पाट्यांचा थर १७ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे व्हर्टिसॉलच्या २५ सेंटिमीटरच्या अटीत तो बसत नाही. ‘व्हर्टिक’ (व्हर्टिसॉलसारखे गुण असलेल्या) उपगटाला मात्र ५ मिलिमीटर किंवा अधिक रुंदीच्या आणि किमान ३० सेंटिमीटर खोलवर जाणाऱ्या भेगा, आणि किमान १५ सेंटिमीटर जाडीचा स्लिकेनसाइडचा थर पुरतो. तेव्हा वरची माती ‘व्हर्टिक हॅप्लस्टेप्ट’, म्हणजे इन्सेप्टिसॉल गणातली (थर नुकतेच घडू लागलेली माती). त्याहूनही वर, बरड भागात खडक ५० सेंटिमीटरच्या आत लागला, तर बहुधा ‘लिथिक अस्टॉर्थेंट’ (खडकावरची उथळ, थर न घडलेली माती) मिळेल. दख्खनच्या उतारावर माथ्याकडून ओढ्याकडे येताना हाच क्रम पुन्हा पुन्हा आढळतो. माथ्यावरची झीज खाली साचत जाते आणि माती खोल होत जाते. बहुतेक गावांत यातला खालचा तुकडा केव्हाच लागवडीखाली गेलेला असतो आणि गायरान म्हणून बरडच उरते. तुमच्याकडे ओढ्याकाठचे १५ एकर शिल्लक आहेत, हे विरळाच म्हणायचे.

दोन खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यात दर ३० पावलांवर गिरमिटाने छिद्र घेऊन मुरमाची खोली नोंदवा. पाट्यांचा थर २५ सेंटिमीटरहून कमी कुठे होतो, ते गिरमिटाने कळणार नाही. त्यासाठी मधोमध आणखी एक छोटा खड्डा घ्यावाच लागेल.

माळकरी

रविवारी तिसरा खड्डा घेतो. रकान्यात सध्या पेन्सिलीने दोन नावे लिहून ठेवली आहेत, आणि समतल चरांची रेघ खालच्या पट्ट्यातून खोडली आहे.