मदत हवी आहे : त्रिनिदादच्या जुन्या नोंदी घरबसल्या कशा पाहायच्या?

नमस्कार मंडळी,

आमची सून त्रिनिदादची. तिचे पणजोबा १९०० च्या आसपास कलकत्त्याहून गिरमिटिया (करारावरचे मजूर) म्हणून तिकडे गेले आणि कूवा भागातल्या उसाच्या मळ्यावर राबले. घरी उरलंय ते फक्त त्यांचं नाव आणि 'बस्ती जिल्हा' (उत्तर प्रदेशातला) एवढे दोन शब्द. आडनाव नाहीच. तिकडे बऱ्याच घरांत बापाचं किंवा आजोबाचं नावच पुढे आडनाव झालं, त्यात इंग्रज कारकुनांचं स्पेलिंग म्हणजे दर कागदावर नवा माणूस!

१८४५ ते १९१७ या काळात आलेल्या मजुरांची रजिस्टरं पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जहाजाचं नाव नि पणजोबांचा नोंदणी क्रमांक सापडला तर एमिग्रेशन पासपर्यंत (भारत सोडताना मजुराला मिळालेल्या परवान्यापर्यंत) पोचता येईल. त्या पासवर वडिलांचं नाव, जात, ठाणं, गाव, अगदी अंगावरच्या खुणासुद्धा असतात. मला गाव हवंय.

फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढलं, पण नोंदींच्या काही फोटोंवर कुलपाचं चिन्ह येतं आणि ते त्यांच्या केंद्रातच उघडतात म्हणे. पुण्या-मुंबईत असं केंद्र किंवा संलग्न ग्रंथालय कुणी वापरलंय का? अभिलेखागाराला ईमेल करून प्रत मागवल्याचा अनुभव आहे का कुणाला? फी कशी भरलीत?

सुरिनामला (तेव्हाच्या डच वसाहतीत) गेलेल्या मजुरांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नावानिशी ऑनलाइन ठेवली आहे, चटकन शोधता येते. त्रिनिदादसाठी तसं काही असेल तर कृपया सांगा.

सूनबाई जुलैत येतेय. तेव्हा बस्तीला जायचा बेत आहे.