एडीएचडी : गोळी सुरू झाली, पण संध्याकाळचं काय? (पुणे)

सिंहगडरोडची_आई : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही). गेल्या महिन्यात त्यासाठीचं औषध, मिथाइलफेनिडेट, सुरू केलं, दिवसभर पुरणारी गोळी, सकाळी सातला. बाई म्हणतात, आता जागेवर बसतो, वही पूर्ण करतो. पण डबा तसाच परत येतो आणि साडेपाचनंतर घरात नुसता धुमाकूळ. सासूबाईंचं एकच, "पोरगं खोडकर आहे, औषधं कसली देता?" बंद करावी का? तुम्ही दिवस कसा बसवलात?

दोनपोरांचीआई : मनाने बंद करू नकोस गं. साडेपाचला गोळीचा असर उतरतो, तेव्हा काही मुलं जास्तच चिडचिडी होतात. आमच्याकडे हेच होतं. किती वाजता सुरू होतं ते आठवडाभर लिहून डॉक्टरांना दाखव, ते वेळ किंवा डोस बदलतात.

भूक मरते हे खरंच. म्हणून गोळीआधी पोटभर : थालीपीठ-लोणी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. दुपारच्या डब्यावरून भांडणं सोडून दिली. रात्री आठला भूक परतते, तेव्हा मी ताट भरून वाढते.

शाळेतून आल्यावर आधी ग्राउंड, मग अभ्यास. पंधरा मिनिटं टायमर, पाच मिनिटं सुट्टी. सूचना एका वेळी एकच. "आवरून घे" म्हटलं तर त्याला काहीच कळत नाही. "मोजे घाल" कळतं. दप्तर रात्रीच भरून दाराशी. फ्रिजवर चित्रांचा तक्ता लावलाय. दोन आठवडे त्याने ढुंकूनही पाहिला नाही, तरी काढला नाही.

कोथरूडचा_बाबा : हे औषध सगळ्या केमिस्टकडे मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय देत नाहीत. संपायच्या आठवडाभर आधी शोधा. आम्ही एकदा रविवारी रिकाम्या हाताने फिरलोय. वजन-उंचीची वही ठेवा, डॉक्टर विचारतातच.

नारायणपेठी : ब्राह्मी, शंखपुष्पी देऊन बघा की आधी. गोळ्यांची सवय लागते.

दोनपोरांचीआई : काढा द्यायचा तर तोही डॉक्टरांना सांगून, काका. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात, त्यांच्या देखरेखीखाली घेतली तर व्यसनाची भीती फार कमी असते.

कोथरूडचा_बाबा : आजीला एकदा डॉक्टरांकडे न्याच. आमच्या आईने तिथे सगळं ऐकलं, घरी येऊन म्हणाली, "म्हणजे मुद्दाम नाही करत तो." आता टायमर तीच लावते.

सिंहगडरोडची_आई : गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, सासूबाईंना विचारते. उद्यापासून थालीपीठ. ते तक्त्याचं चित्र कुणी टाकाल का इथे?