गिरिपुष्प बांधावर: फांदी खोचावी की बी?

प्रश्न: काळ्या जमिनीत बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, भराभर वाढणारं शेंगवर्गीय झाड) लावायचंय. पावसाळ्यात खोचलेल्या फांद्या बऱ्याचदा कुजतात म्हणे. का?

बांधकरी: कोवळी, हिरव्या सालीची फांदी घेतली की कुजणारच. वर्षभर जुनी, करड्या सालीची, अंगठ्याहून जाड अशी 3-4 फुटांची घ्या. बुडाचा काप तिरका. आधी पहारीने फूटभर भोक पाडा, मग फांदी सोडून माती दाबा. थेट ठोकलीत तर साल सोलवटते आणि कूज तिथूनच शिरते. शेंडा-बूड उलटं होऊ देऊ नका. पाणी साचत असेल तर बांधाच्या माथ्यावरच लावा.

रोपवाला: घाई नसेल तर बीच बरं. बियांच्या झाडाला सोटमूळ असतं. फांदीची मुळं उथळ, त्यामुळे ते झाड वाऱ्याला लवकर कलतं. शेंगा तपकिरी व्हायला लागल्या की तोडा, नाहीतर उन्हात तडकून बी लांब उडतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून 1 सेंमी खोल टोका. सुबाभळीसारखं गरम पाणी याला लागत नाही.

बांधकरी: आणि पहिल्या वर्षी कोयता लावू नका. नंतर 3 फुटांवर छाटा, पाला कोवळा असतानाच मातीत गाडा. जून काड्या कुजायला फार वेळ घेतात, त्या चुलीला.

प्रश्नकर्ता: पाला शेळ्यांना चालेल?

रोपवाला: सुकवून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून. घोड्याला मात्र अजिबात नको, विषारी आहे.