मदत हवी आहे : लांडगा होणाऱ्या नवऱ्याची गोष्ट लिहितेय, बायकोच्या नाकापाशी अडलेय

नमस्कार मंडळी,

गेले पाच-सहा महिने एक दीर्घकथा लिहितेय. प्रेमकथा आहे, रहस्य आहे, आणि त्यातला नवरा लांडगा होतो. अर्धी लिहून झाली आणि आता अशी अडलेय की रोज तोच परिच्छेद उघडते, दोन ओळी खोडते आणि बंद करते. इथे कुणी फ्रेंच शिकलेलं असेल, कुणी माळावर लांडगे पाहिलेले असतील, कुणी नुसतंच भरपूर वाचत असेल. सगळ्यांची मदत हवी आहे.

मूळ गोष्ट माझी नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारी द फ्रांस नावाच्या कवयित्रीने जुन्या फ्रेंचमध्ये बारा कथाकाव्यं लिहिली. त्यातलं एक 'बिस्क्लाव्रे', जेमतेम ३१८ ओळींचं. ब्रिटनीमधला (फ्रान्सच्या वायव्येकडचा प्रदेश) एक सरदार, राजाचा लाडका. दर आठवड्यात तीन दिवस तो घरातून नाहीसा होतो, कुठे जातो कुणालाच माहीत नाही. बायकोचा त्याच्यावर जीव आहे, त्याचाही तिच्यावर. एक दिवस ती लाडीगोडीने विचारते. तो म्हणतो, नको विचारूस, सांगितलं तर तुझं प्रेम जाईल आणि माझाही घात होईल. ती सोडत नाही. शेवटी तो सांगतो, मी लांडगा होऊन रानात जातो, शिकारीवर जगतो.

आणि आता ती काय विचारते बघा. किंचाळत नाही, रडत नाही. ती विचारते, "अहो, पण कपड्यांसकट जाता का?" तो म्हणतो, "नाही, उघडा." "मग कपडे कुठे ठेवता?" हे मात्र तो सांगायला तयार नसतो, कारण कपडे हरवले तर तो कायमचा लांडगा राहणार. पण तेही ती काढून घेतेच. रानाच्या वाटेवर एक जुनं देऊळ (म्हणजे चॅपल), त्याच्याजवळ झुडपाखाली आतून पोखरलेला मोठा दगड, त्या पोकळीत कपडे.

इथून ती घाबरते. त्याच्या शेजारी झोपणं तिला नकोसं होतं. तिच्या मागे पूर्वीपासून लागलेला एक सरदार असतो, त्याला बोलावून ती कपडे चोरायला लावते. नवरा परत येतच नाही. लोक शोधतात, दमतात, आणि ती त्या दुसऱ्याशी लग्न करते. वर्षभराने राजा शिकारीला जातो, कुत्री एका लांडग्याला घेरतात, आणि तो लांडगा राजाची रिकीब धरून त्याच्या पायाचं चुंबन घेतो. राजा त्याला वाड्यात आणतो. तो कुणालाही त्रास देत नाही, राजाच्या जवळपास झोपतो. फक्त दोघांवर धावून जातो. आधी त्या सरदारावर. मग राजाच्या भेटीला नटूनथटून आलेल्या बायकोवर, आणि तिचं नाक तोडतो.

दरबारातला एक जाणता माणूस म्हणतो, हा इतर कुणालाच चावला नाही, मग हिलाच का? तिचा छळ करून तिच्याकडून सगळं वदवून घेतात, कपडे परत येतात, लांडग्याचा पुन्हा माणूस होतो. ती दोघं हद्दपार. पुढे तिच्या वंशात काही मुली बिननाकाच्या जन्मल्या, असंही मारी सांगते.

तर माझी अडचण नाकाची आहे. मी ही गोष्ट बायकोच्या बाजूने लिहितेय. ती घाबरली हे मला खरं वाटतं, तिने जे केलं ते वाईट आहे हेही मला मान्य आहे, आणि या दोन्ही गोष्टी वाचकाने एकदम धराव्यात अशी माझी इच्छा आहे. पण मराठीत बाईचं नाक कापलं म्हटलं की समोर उभी राहते शूर्पणखा. नाशिकचं नाव त्यावरून पडलं हे आपण लहानपणापासून ऐकतो. 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली. वाचक त्या ओळीवर 'बरी खोड मोडली' म्हणून मोकळा होईल आणि माझी नायिका तिथेच संपेल. नाक काढून टाकू का? हाताला चावला, असं करू?

दुसरं, नवराच लांडगा आहे हे वाचकाला कधी कळावं? मारी तर गोष्ट सुरू करतानाच सांगून टाकते. मला ते थोडं लांबवायचंय. पौर्णिमेच्या खुणा पेराव्यात, असा विचार आहे. आणि तिसरं, शब्द. नरलांडगा? वृकमानव? कुठलाच जिभेवर बसत नाही.

– कातरवेळ

*

जुनीपानं :

छान विषय. मी हे काव्य जुन्या फ्रेंचच्या अभ्यासात ओळ न् ओळ वाचलंय, त्यामुळे राहवत नाही.

पौर्णिमा काढून टाका. 'बिस्क्लाव्रे'त चंद्र नाहीच. आठवड्याचे तीन दिवस, बस. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला टिलबरीच्या गर्व्हेज या इंग्रज लेखकाने चंद्राच्या कलांबरोबर लांडगा होणाऱ्या माणसांबद्दल लिहिलंय, पण पौर्णिमाच हवी आणि चांदीनेच मरायला हवा, हा नियम विसाव्या शतकातल्या सिनेमाने पक्का केला. तीन दिवसांचा हिशेब मला जास्त भयानक वाटतो. पौर्णिमा महिन्यातून एकदा येते. हे दर आठवड्याला आहे, आणि बायकोने ते अंगवळणी पाडून घेतलंय.

नाक मात्र काढू नका. मारी बहुधा इंग्लंडमध्ये राहून लिहीत होती. तिथे अकराव्या शतकात राजा कनूटच्या कायद्यात व्यभिचारी स्त्रीचं नाक आणि कान कापायची शिक्षा होती. म्हणजे नाक तुटलं याचा अर्थ ऐकणाऱ्यांना नेमका आपल्यासारखाच लागत असणार. शूर्पणखेची अडचण तुमची एकटीची नाही, मारीचीही होती. तिने ती टाळली नाही.

आणि एक प्रसंग तुम्ही सारांशात गाळलात, माझ्या मते गोष्टीचा जीव तिथे आहे. कपडे आणून लांडग्यापुढे ठेवतात, तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा तोच जाणता माणूस राजाला सांगतो की त्याला लाज वाटतेय, सगळ्यांसमोर तो हे करणार नाही, त्याला आत नेऊन एकटं सोडा. थोड्या वेळाने दार उघडतात तर सरदार राजाच्या पलंगावर झोपलेला. हा माणूस ज्या गोष्टीला इतका लाजतो ती त्याने जगात एकाच व्यक्तीला सांगितली होती.

*

शेवंती :

नरलांडगा नको. नरसिंह म्हटलं की अर्धा नर, अर्धा सिंह, दोन्ही एकाच वेळी. तुमचा सरदार तसा नाही, तो एक तर पुरता माणूस असतो, नाही तर पुरता लांडगा. वृकमानव शास्त्राच्या पुस्तकातला वाटतो. वृक आपल्या कानावर असतो तो फक्त भीमाच्या 'वृकोदर'मध्ये.

मला विचाराल तर शब्दच नको. आमच्या आजोळी रात्री सापाचं नाव घेत नसत, 'लांबडं' म्हणत, नाही तर 'जनावर'. नाव घेतलं की येतं म्हणून. तुमची बाई त्या रात्रीनंतर नवऱ्याला काय म्हणत असेल? मनातल्या मनात सुद्धा ती लांडगा म्हणणार नाही. 'ते' म्हणेल. आपल्याकडे बायका नवऱ्याला 'ते'च म्हणतात. आदराचं 'ते' आणि जनावराचं 'ते' एकच.

*

माळावरचा :

गोष्टीतलं मला फार कळत नाही, पण लांडग्यांमागे पंधरा वर्षं फिरतोय. सासवड, सुपे, खाली सोलापूरकडे नान्नज. आपला लांडगा युरोपातल्यापेक्षा लहान, हडकुळा, अंगावर केस कमी, हे आधी सांगतो, नाही तर वर्णनात चूक व्हायची. वागणं मात्र पुष्कळसं सारखं.

तुमच्या लांडग्याने राजाचा पाय चाटला ते अगदी बरोबर आहे. कळपात दुबळा किंवा लहान लांडगा मोठ्यापुढे येतो तेव्हा कान मागे पाडतो, अंग खाली नेतो, शेपूट दाबतो आणि त्याच्या तोंडाच्या कडा चाटतो. पिल्लं तर अन्न मागायला हेच करतात. घोड्यावर बसलेल्याचं तोंड काही गाठता येत नाही, हाताशी पायच.

आता नाकाचं. लांडगे एकमेकांचं थोबाड जबड्यात धरतात. मोठा लहान्याला दटावतो तेव्हा वरून त्याची सगळी मुस्कटपट्टी तोंडात घेतो आणि धरून ठेवतो. मी सुप्याच्या माळावर दुर्बिणीतून पाहिलंय. संध्याकाळची वेळ, मादी बसलेली, वर्षाभराचं एक पोर तिच्या अंगावर सारखं चढत होतं. तिने मान वळवली, त्याचं तोंड धरलं, दहा-बारा सेकंद. पोर जमिनीला चिकटलं. सोडलं तेव्हा नाकावर ओरखडा नव्हता. हे घरच्यांशीच होतं. परक्या जनावराशी लांडगा असं वागत नाही, एक तर पळतो, नाही तर फाडतो.

माणसाला तसं लांब थोबाड नसतं. लांडग्याने तेच केलं तर दातांत काय येणार? नाक. तुमच्या गोष्टीत बसतं की नाही ते तुम्ही ठरवा.

*

जुनीपानं :

माळावरचा, अंगावर काटा आला. फक्त प्रामाणिकपणे सांगायला हवं की मूळ ओळीत तो तिच्यावर 'वेडा झाल्यासारखा' धावला असं आहे. मारीच्या मनात सूडच आहे, हळुवार काही नाही.

*

कातरवेळ :

मंडळी, काल रात्री हे सगळं तीनदा वाचलं. खूप खूप आभार.

माळावरचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून पाणी प्यायले. नाक राहणार. जुनीपानं म्हणतात तसा सूडही राहणार, तो वेड्यासारखाच धावेल, दरबारातल्या सगळ्यांना तो सूडच दिसेल. पण गोष्ट बायकोच्या नजरेतून आहे. तो दात आवळतो आणि लगेच फाडत नाही, क्षणभर नुसतं धरून ठेवतो, एवढं तिला एकटीला जाणवेल. त्याचा अर्थ तिला कळणार नाही. मीही कुठे सांगणार नाही. आधी रानातल्या प्रसंगात लांडगीण पिल्लाचं तोंड धरते ते वाचकाने पाहिलेलं असेल, बास.

पौर्णिमा गेली. तिच्या जागी कपडे आले. मी सुरुवात अशी करतेय की दर आठवड्याला चौथ्या दिवशी तो परत येतो, आणि त्याच्या अंगरख्याला बाहेर राहून आलेल्या माणसाच्या कपड्यांचा वास नसतो. घामाचा नाही, घोड्याचा नाही, धुराचा नाही. ओल्या दगडाचा असतो. घड्या जिथल्या तिथे असतात, आणि एका घडीत करड्या दगडफुलाचा चुरा. तीन दिवस भटकलेल्या माणसाचे कपडे न घातल्यासारखे कसे, हे तिला पहिल्या पानावरच खुपतं. सरदाराची बायको स्वतः धुणी धुणार नाही हे माझ्या लक्षात आहे, पण तो आला की कपडे आधी तिच्या हातात पडतात. म्हणून मग 'कपड्यांसकट जाता का?' हा प्रश्न तिच्या तोंडी अचानक येत नाही. तो तिच्या मनात किती महिने घोळत होता हे वाचकाला ठाऊक असेल, आणि तोवर त्यालाही थोडाफार वास लागलेला असेल.

शेवंती, 'ते' घेतला. अख्ख्या गोष्टीत शब्द नाही.

माळावरचा, आता फक्त एक सांगा. रानातून आणलेला लांडगा माणसांच्या खोलीत, शेकोटीजवळ झोपेल तेव्हा कसा झोपेल? तोंड आगीकडे करून की दाराकडे? मला तो राजाच्या खोलीतला पहिल्या रात्रीचा परिच्छेद या रविवारी लिहायचाय.

*

माळावरचा :

माणसांत वाढवलेला असेल तर सांगता येत नाही. रानातला असेल तर शेकोटीपासून लांब, पाठ भिंतीला, अंगाचं वेटोळं, नाक शेपटीत. थंडीत माळावर असेच झोपतात. मधूनच मान वर करून कानोसा घेतात आणि परत नाक शेपटीत. पण कान झोपेतही दाराकडे.