दिवाळीत मी कुठे होते (दारव्ह्याकडचा प्रचार)

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला यंदा का दिसली नाहीस असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर सांगते, ऑक्टोबरच्या शेवटापासून मी गावी होते, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, २०२४ च्या विधानसभेच्या प्रचाराला. पक्ष लिहीत नाही, आपल्या ईमेल लिस्टचा नियमच आहे आणि तो बरा आहे. आमचा उमेदवार पडला. पण मेलबर्नला परत येऊन दोन आठवडे झाले तरी मन तिथंच आहे, आणि आई गेल्यापासून इतकं भरलेलं मन मला आठवत नाही, म्हणून लिहितेय.
मनीषा

मनीषा,
वाचून बरं वाटलं, पण एक विचारतो, राग मानू नकोस. महिन्याची रजा, तिकिटाचा खर्च, शेवटी माणूस पडलाच. मी २०२२ ला इथल्या फेडरल इलेक्शनला बूथबाहेर हाऊ टू व्होट कार्डं (मत कसं द्यायचं हे सांगणारी पक्षाची पत्रकं) वाटली, दिवसभर उभा होतो, शेकडो लोकांच्या हातात कागद दिला, एकाचंही नाव माहीत नाही. इथे मतदान १९२४ पासून सक्तीचं, लोक येणारच. मला त्यात काही गवसलं नाही. तुला नेमकं काय मिळालं?
प्रकाशकाका

काका,
राग कसला, दोन दिवस तुमच्या प्रश्नावरच विचार करतेय.

इथे लोक येणारच, पण तिकडे नोव्हेंबरात कापसाची वेचणी असते. मतदान २० तारखेला, बुधवारी, आणि पऱ्हाटी फुटलेली. मजुरी किलोवर, बाई वावरात गेली नाही तर तिचा दिवस बुडाला, कागदावर सुट्टी असून काय उपयोग. पहिल्या दिवशी मी दहा वाजता निघाले तर गल्लीभर कुलुपं. मग दिवेलागणीनंतर जायला लागले. बाया चुलीपुढे, बोटांवर बोंडांचे ओरखडे, आईच्या हाताला हेच असायचे. मताला कधी जाता विचारलं तर एकजण म्हणाली, "सकाळी दव राह्यते व माय, ओला कापूस येचून काय करतं? नऊ वाजेलोक हात रिकामेच." बस, त्यानंतर मी घरोघर हेच सांगत फिरले की केंद्र सातला उघडतं, दव वाळायच्या आत मत टाका नि मग वावरात जा. २० ला पावणेसातला शाळेपुढे बायांची रांग होती, डोक्याला फडकी, हातात डबे. ती रांग पाहून मला रडू आलं.

सगळंच गोड नव्हतं. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये आणि हातात त्याच्या कितीतरी खाली, ह्याचं काय असं विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत लिहून उमेदवाराला दिलं, त्याने सभेत वाचलं, एवढंच.

आता यादीचं. रात्री ओसरीवर बसून मतदार यादी वाचायचे, एका पानावर आईचं नाव निघालं. जाऊन दोन वर्षं झाली, नाव तसंच. त्या रात्री पुढे वाचवलं नाही. सकाळी परत बसले तर शेजारच्या काकूचं नावच सापडेना, आमच्या भागात नाही, खालच्यात नाही, शेवटी बाजूच्या गावच्या बूथवर निघालं. काकू ७८ ची. घरून मतदान ८५ च्या वर किंवा ४० टक्के अपंगत्व असेल तरच, त्यालाही १२डी फॉर्म आधी भरावा लागतो. आणि प्रचारवाल्यांनी मतदारांना गाडीत नेणं कायद्यात बसत नाही. म्हणून आम्ही दोघी पायी गेलो, पांदणीने, दोनेक किलोमीटर, मधे तीनदा बसत. वाटेत काकू म्हणाली, दर मतदानाला तुही माय नि मी जोडीनंच जाओ, तुही माय त्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसे. मला हे माहीतच नव्हतं. मी सतराव्या वर्षी नागपूरला शिकायला गेले, आईला मत टाकायला जाताना कधी पाहिलंच नाही.

काकूने कोणाला दिलं हे मी विचारलं नाही. बाहेर येऊन शाई वाळेपर्यंत बोट वर धरून बसली.

आई गेल्यावर मी दोनदा गावी गेले ती पाहुणीसारखी, चहा घेतला, घराला कुलूप लावलं, परतले. ह्या वेळी लोकांना माझ्याशी काम होतं. रात्री नऊला दार वाजवून "ताई, पोराचं नाव पाह्य ना जी यादीत" म्हणणारे होते. हे मिळालं काका.
मनीषा

ताई, मला पण पुढच्या वेळी गावी जायचंय, आमचं घाटंजीजवळ. ओसीआयवर, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीयांच्या कार्डावर, मत टाकता येतं का?
अनिकेत

अनिकेत, ओसीआयवर नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर फॉर्म ६ए ऑनलाइन भर, पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव लागतं, पण मत टाकायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावरच जावं लागतं. तुझं काय आहे ते कळव, शनिवारी मंडळात बसून भरू.

आणि काका, एक राहिलंच. नाव कमी करायचा फॉर्म ७ भरणारा त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो. निघायच्या आदल्या दिवशी अंगणवाडीत बसून आईचा मी भरला.
मनीषा